शांघायमध्ये फिरायचंय? मग फोनचं काम घरूनच उरकून निघा

२०२५ मध्ये चीनने भारतीयांना टुरिस्ट व्हिसा परत द्यायला सुरुवात केली, थेट विमानंही पुन्हा सुरू झाली, त्यामुळे हल्ली शांघायला जाणारे बरेच जण विचारतात की भाषा येत नाही तर फिरायचं कसं. भाषेचं फार टेन्शन घेऊ नका, सगळ्या शहरात इंग्रजी पाट्या आहेत. खरी अडचण होते ती फोन तयार नसला की, आणि ते काम भारतात असतानाच करायचं असतं.

सगळ्यात आधी अलीपे, म्हणजे चीनमधलं पेमेंटचं अ‍ॅप. डाउनलोड करा, पासपोर्ट टाकून ओळख पटवून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडा. आपल्या कार्डांवर इंटरनॅशनल वापर बऱ्याचदा बंद असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करा. शिवाय कार्ड जोडताना ओटीपी येतो तो तुमच्या भारतातल्या नंबरवर, म्हणूनच म्हणतेय की घरून करा, तिथे विमानतळावर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात काही अर्थ नाही. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला जादा चार्ज नाही, त्याच्या वर ३ टक्के लागतात. वीचॅट या तिथल्या चॅट आणि पेमेंटच्या अ‍ॅपलाही कार्ड जोडून ठेवा म्हणजे एक अडलं तर दुसरं आहे, आणि थोडे रोख युआन जवळ असू द्या. यूपीआयवर विसंबून जाऊ नका.

नेटचं असं आहे की गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा हे तिथल्या नेटवर्कवर उघडत नाही, पण भारतातलं रोमिंग पॅक किंवा बाहेरचं ईसिम असेल तर चालतं कारण तो डेटा चीनच्या बाहेरून फिरून येतो. मात्र हॉटेलचं वायफाय पकडलंत की सगळं परत बंद, लोक इथे हमखास गोंधळतात. नकाशासाठी गूगल मॅप्स विसरा, तिथे जागा सरकलेल्या दिसतात. अ‍ॅमॅप घ्या, इंग्रजीत मिळतं. आयफोन असेल तर अ‍ॅपल मॅप्सही छान चालतं.

आता मेट्रो, माझ्या मते शांघायची सगळ्यात भारी गोष्ट. १९९३ मध्ये सुरू झाली आणि आज ८०० किलोमीटरच्या वर पसरलीये. पहिल्या ६ किलोमीटरला ३ युआन, पुढे दर १० किलोमीटरला १ युआन, म्हणजे मनसोक्त फिरा. अलीपेमध्ये ट्रान्सपोर्टमध्ये जाऊन शांघाय निवडलं की क्यूआर येतो, तो आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे दाखवायचा. एका क्यूआरवर एकच माणूस जातो हे लक्षात ठेवा, आईबाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्यासाठी मशीनमधून तिकीट काढा. प्रत्येक स्टेशनवर बॅग स्कॅन होते, त्याचा वेळ धरून चला. आणि रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास गाड्या संपत येतात, शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

स्टेशनच्या नावाइतकाच एक्झिटचा नंबर महत्त्वाचा असतो. पीपल्स स्क्वेअरला १, २ आणि ८ या तीन लाइन्स एकत्र येतात, बाहेर पडायला ढीगभर दारं आहेत आणि चुकीच्या दारातून वर आलात तर भलामोठा रस्ता ओलांडून परत यावं लागतं. अ‍ॅमॅप एक्झिट सांगतं, तेवढं बघूनच चाला. रस्त्यांच्या नावातली दिशाही नीट वाचा, डोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, लू म्हणजे रस्ता. नानजिंग डोंग लू स्टेशनवरून बंडला, म्हणजे नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला, चालत जाता येतं, नानजिंग शी लू मात्र पीपल्स स्क्वेअरच्या पलीकडे आहे.

पुडोंग विमानतळावरून शहरात यायला लाइन २ स्वस्त आहे पण तासाच्या वर लागतो. मॅगलेव्ह, म्हणजे चुंबकावर चालणारी वेगवान ट्रेन, ३० किलोमीटर ८ मिनिटांत नेते, तिकीट ५० युआन आणि त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०. पण ती लोंगयांग रोडलाच संपते, तिथून परत मेट्रो किंवा टॅक्सी, त्यामुळे जड बॅगा असतील तर मी तरी सुचवणार नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हाँगछ्याओ रेल्वे स्टेशनवरून पुढची ट्रेन पकडायची असेल तर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली एअरपोर्ट लिंक लाइन घ्या, साधारण ४० मिनिटांत शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. फास्ट ट्रेनचं बुकिंग केलं की वेगळं कागदी तिकीट लागत नाही, ज्या पासपोर्टवर बुकिंग केलंय तोच दाखवायचा.

टॅक्सी बोलवायला अलीपेतच दीदी नावाची सेवा आहे. बसल्यावर ड्रायव्हर फोन नंबरचे शेवटचे ४ आकडे विचारू शकतो, ते स्क्रीनवर दाखवा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेट गेलं तरी तेवढ्यावर परत येता येतं.

रस्ता ओलांडताना प्लीज जपून. गाड्या उजव्या बाजूने चालतात, आपल्याला उलटं बघायची सवय, त्यात इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाजच येत नाही आणि सिग्नल लाल असला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येत राहतात.

हुआंगपू नदीवर महागडी क्रूझ घ्यायच्या आधी साधी फेरीबोट बघा, २ युआनमध्ये पलीकडे नेते, रोज कामाला जाणारे लोक तीच वापरतात आणि दोन्ही काठ मस्त दिसतात.

आणि हो, दिवसभर सगळं फोनवरच चालतं त्यामुळे पॉवरबँक हवीच. चीनमध्ये शहरांतर्गत नाही पण एका शहरातून दुसरीकडे विमानाने जाणार असाल तर जून २०२५ पासून त्यावर चीनचा ३सी हा सुरक्षेचा मार्क लागतो, नसेल तर सिक्युरिटीला काढून घेतात. आपल्याकडच्या बऱ्याच पॉवरबँकवर तो नसतो. दुकानांमध्ये, हॉटेलांमध्ये क्यूआर स्कॅन करून भाड्यानेही मिळते, एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे परत ठेवता येते.