लिमिटेड एडिशन शाईपेनं जमवताय? मग या चुका टाळा

मागच्या वर्षी जळगावात एका स्नेह्यांकडे गेलो होतो. मुलीच्या लग्नाची गडबड नुकतीच आटोपली होती. चहा झाल्यावर त्यांनी आतून एक डबी आणली आणि माझ्यासमोर उघडली. वडिलांनी परदेशातून आणलेलं, चांदीच्या आवरणाचं लिमिटेड एडिशन पेन होतं. आरशासारखं चमकत होतं. "लग्नासाठी चांदीची ताटं-वाट्या पॉलिशला दिल्या, त्यातच हेही दिलं. कसं लख्ख झालंय, बघा भाऊ."

मी भिंग लावलं. टोपणाच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकातले पहिले दोन आकडे दिसत होते, पुढे नुसती खरखर उरली होती. शेजारचा, चांदीची शुद्धता सांगणारा ९२५ चा शिक्का अर्धा गेलेला. नक्षी उठून दिसावी म्हणून खाचांमध्ये कारखान्यातच मुद्दाम धरवलेला काळेपणा असतो, तोही पार निघून गेला होता. पॉलिश करणाऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. फक्त ते काम ताटा-वाट्यांचं होतं. त्यांना हे कसं सांगावं, ते मला कितीतरी वेळ सुचलं नाही.

लिमिटेड एडिशन म्हणजे मोजून काढलेलं पेन. तो क्रमांक हा त्याचा जन्मदाखला. म्हणून पहिली विनंती हीच: असं पेन बफिंगच्या चाकाखाली कधीही देऊ नका. रिठा, चिंच, टूथपेस्ट, चांदी उजळायची पावडर, काहीही नको. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, ते मऊ सुती कापडाने हलकं पुसलं तरी पुष्कळ कमी होतं. आणि डबीला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतं, जिथे रबर टेकलं तिथे चांदीवर काळा पट्टा उमटतो.

सोन्याच्या भावाने पेन तोलणं

जळगावच्या सराफ बाजाराच्या सावलीत वाढलेला माणूस पेन हातात घेतल्यावर आधी विचारतो, "यात सोनं किती?" प्रश्न साहजिक आहे, पण पेनाच्या बाबतीत तो चुकीच्या वाटेला नेतो. निबवर ५८५ असेल तर ती १४ कॅरेटची, ७५० असेल तर १८ कॅरेटची. पण वजन एखाद्या ग्रॅमच्या आत-बाहेर. त्यात सोनं असतं ते मुख्यतः शाईने निब गंजू नये म्हणून. कागदाला टेकणारा तो बारीक मणी तर सोन्याचा नसतोच, तो प्लॅटिनमच्या कुळातल्या कठीण धातूंचा असतो. निब मोडीत काढून जे पैसे येतील, त्यावरून पेनाची किंमत ठरवायची म्हणजे पैठणीची किंमत जरीच्या वजनावर करण्यासारखं आहे.

१९६५ साली पार्कर कंपनीने 'पार्कर ७५' ची एक आवृत्ती काढली. १७१५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतून वर काढलेल्या चांदीची ती पेनं होती, एकूण ४,८२१. तेवढ्या वजनाची चांदी आज कुठल्याही पेढीवर मिळेल, पण समुद्रातली ती चांदी मिळायची नाही. जमवणारा पैसे मोजतो ते त्यासाठी.

'लिमिटेड' हा शब्द ऐकूनच भुलणं

'स्पेशल एडिशन' आणि 'लिमिटेड एडिशन' एक नव्हे. स्पेशलला संख्येचं बंधन नसतं, कंपनी ती हवी तेवढी काढू शकते. आणि लिमिटेडमध्येही आकडा किती, ते पाहा. माँब्लाँ या पेन कंपनीच्या लेखकमालिकेतलं पहिलं, १९९२ चं हेमिंग्वे पेन २०,००० निघालं. त्याच वर्षीचं, पण दुसऱ्या मालिकेतलं लोरेन्झो दे मेदिची ४,८१० च निघालं. हा ४८१० म्हणजे माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली, पूर्वापार सांगितली जाणारी उंची, तोच आकडा त्यांच्या मोठ्या पेनांच्या निबवरही असतो. (जपानच्या प्लॅटिनम कंपनीच्या पेनावर ३७७६ दिसलं तर दचकू नका, ती फुजी पर्वताची उंची आहे.) २००९ मध्ये गांधीजींच्या नावाने माँब्लाँने पेन काढलं तेव्हा सर्वांत महाग आवृत्ती २४१ पेनांची होती, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची मानली जाते. एकेकाची किंमत ११ लाखांच्या पुढे. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या नावाने सोन्याचं पेन, यावरून केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २०१० मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली.

आकड्यामागची अशी गोष्ट माहीत असली की खरेदी डोळसपणे होते. पेनाचा क्रमांक लहान आहे म्हणून दुप्पट पैसे मागणाऱ्याला मात्र मी तरी देणार नाही. पेटी, बाहेरचा खोका, तारीख-शिक्क्यासह वॉरंटी कार्ड आणि त्यावरचा क्रमांक पेनावरच्या क्रमांकाशी जुळणं, हे सगळं एकत्र असेल तर थोडं जास्त मोजावं. नुसतं पेन रुमालात गुंडाळून आणणाऱ्याकडून घेताना दहा वेळा विचार करा.

नकली पेनं आता क्रमांकासकट येतात, त्यामुळे क्रमांक आहे म्हणजे पेन खरं, असं नाही. पेनाची रचना तपासा. उदाहरणार्थ, माँब्लाँची १४९ आणि १४६ ही मॉडेलं म्हणजे पिस्टनने शाई ओढणारी पेनं. 'हे १४९ आहे' म्हणून हातात दिलेलं पेन मधून उघडलं आणि आत कन्व्हर्टर (शाई भरायची सुटी नळी) निघाला, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. ओळखीच्या सराफाकडून दहापट दाखवणारं भिंग मागून घ्या आणि टोपणाच्या ओठावर गोल फिरवून केसासारखी चीर शोधा. जुन्या पेनांचं सगळ्यात जास्त लपवलं जाणारं दुखणं तेच. हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचाचं काम असलेलं पेन परदेशातून मागवायच्या भानगडीत पडूच नका. वन्यजीव कायदा कडक आहे आणि पेनही जातं, मनस्तापही होतो.

पेनावर नाव घालणं

आपल्याकडे स्टीलच्या डब्यापासून पातेल्यापर्यंत सगळ्यावर नाव घालायची सवय. सेवानिवृत्तीला, साखरपुड्याला दिलेल्या पेनावरही हौसेने तेच मशीन फिरतं. लाखेच्या किंवा इबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) पेनाला त्या थरथरीने तडे जातात. जपानी माकी-ए कामात ओल्या लाखेवर सोन्याची भुकटी शिंपडून चित्र उभं करतात, थरावर थर चढवत महिनोन्‌महिने. त्यावर 'चि. सौ. कां.' कोरू नका. नाव घालायचंच असेल तर पेटीच्या आत चिठ्ठी ठेवा. तीही पुढे पेनाच्या इतिहासाचा भाग होते.

ऊन

जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट दुपारी हाताला चटका देतं. पेनांची सगळ्यात मोठी हानी मी याच कपाटांमध्ये पाहिली आहे. मालकाने कुलूप लावून, जिवापाड जपून ठेवलेली पेनं आतल्या आत भाजत असतात. गाडीच्या डॅशबोर्डचं तर बोलायलाच नको.

प्रत्येक साहित्याचं दुखणं वेगळं. काळं इबोनाइट उजेडाने तपकिरी, मातकट पडतं. लाखेचा रंग उन्हाने विटतो. जुन्या रबरी पिशवीच्या पेनांत पिशवी लाखेने चिकटवलेली असते, ती उष्णतेने सुटते. सर्वांत नाजूक सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक. ते बनवताना कापूर वापरतात, त्यामुळे टोपण काढल्यावर कापराचा पुसटसा वास येतो. तो वास येतो तोवर निश्चिंत राहा. त्याऐवजी नाकाला झोंबणारा, आंबूस वास आला किंवा पेनावर घाम फुटल्यासारखं दिसलं तर ते लगेच बाकीच्यांपासून बाजूला करा. कुजणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लाच्या वाफा निघतात आणि शेजारच्या पेनाचे धातूचे भाग खातात. म्हणूनच सेल्युलॉइड हवाबंद डब्यात कोंडू नये, आणि कपाटात डांबरगोळ्या तर अजिबात टाकू नयेत.

आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत लाकडी खण, त्यात मऊ कापड. आमच्याकडे धाब्याच्या जुन्या घरात जाड मातीच्या भिंतीचा कोनाडा होता. तिथे ठेवलेली दोन पेनं आजही डाग नसलेली आहेत.

पाणी आणि शाई

बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तोच थर निबखालच्या जिभेच्या बारीक खाचांत बसतो. पेन धुवायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. दुकानात नीट वाचून घ्या, शेजारीच ॲसिडचे कॅन असतात. पाणी साधं, फार तर कोमट. गरम पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर नको, त्यांनी पेनाचं अंग आणि लाख दोन्ही खराब होतात. जुनी शाई घट्ट बसली असेल तर निबचा भाग तेवढाच रात्रभर बुडवा, हवं तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. इबोनाइट किंवा माकी-ए पेन अख्खं बुडवू नका.

शाईत हौस करू नका. ड्रॉइंगच्या काळ्या शाईत लाख असते, ती जिभेत सुकली की पेन संपलं म्हणून समजा. चमकीच्या शाया आणि पिगमेंटच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाया साध्या पेनात वापरा. दोन शाया मिसळू नका, शाई दाट झाली म्हणून शाळेतल्यासारखं दौतीत पाणी ओतू नका, बुरशी धरते. भारी पेनात साधी धुता येणारी निळी शाईच सर्वांत सुरक्षित.

पेन रुसलं तर

टोपण उघडलं आणि निब उमटत नाही, ही उन्हाळ्यातली रोजची तक्रार. निबच्या टोकावर शाई सुकलेली असते. ओलसर कापड क्षणभर टेकवा, चालू होईल. पेन झटकू नका. कागदावर दाबून रेघोट्याही ओढू नका, त्याने निबच्या दोन पात्या फाकतात आणि मग शाई कायमची तुटक येते. पान अर्धं नीट उमटलं आणि खालच्या भागात तुटायला लागलं, तर दोष बहुधा पेनाचा नसतो. हाताचा घाम कागदाला लागलेला असतो. हाताखाली टिपकागद ठेवा.

टोपणात शाई सांडत असेल तर आधी पेन किती भरलंय ते पाहा. अर्धं रिकामं पेन शर्टाच्या खिशात तापलं की आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. ड्रॉपरने भरायच्या पेनांत हे हमखास होतं. उन्हात निघताना पेन एकतर पूर्ण भरा, नाहीतर रिकामं न्या, आणि निब वर ठेवा.

पिस्टन जड झाला तर जोर लावू नका. आधी तीन-चार दिवस पाणी भरून सोडत राहा. नंतर मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं. व्हॅसलीन किंवा शिलाई मशीनचं तेल रबराला खातं. निब आणि जीभ ओढून काढायचा मोह आवरा. काही पेनांत ती आट्यांची असते, काहींत नुसती दाबून बसवलेली, आणि चुकीच्या पेनात चुकीची ओढ लागली की जीभ मोडते. क्रमांकाच्या पेनाची जीभ सुटी मिळत नाही. दुरुस्तीला पाठवण्याआधी निब, क्रमांक आणि टोपणाची कड यांचे जवळून फोटो काढा आणि शाई पूर्ण काढून टाका.

आमच्या घरी एक रीत पडली आहे. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी सगळी भरलेली पेनं धुऊन, रात्रभर टिपकागदावर निब खाली करून निथळवतो. रोजचं एक तेवढं भरलेलं राहतं. बाकीची पहिला मोठा पाऊस पडून हवा निवली की एकेक करून पुन्हा शाईला लागतात.