कपाटातल्या बाटल्या फेकण्याआधी: केमिकलची भीती कुठे धरायची आणि कुठे सोडायची

कोणीतरी व्हिडिओ पाठवतं, तुमच्या शॅम्पूत हे विष आहे, ते विष आहे, आणि मग आपण अंघोळीला गेलो की बाटली उलटी करून वाचत बसतो. त्यातलं अर्धं उच्चारताच येत नाही, आणि जे उच्चारता येत नाही ते वाईटच असणार असं वाटायला लागतं. मी पण हेच केलंय. एका सुट्टीच्या दिवशी अर्धं कपाट रिकामं केलं, सगळं ‘पॅराबेन फ्री’ आणलं (पॅराबेन म्हणजे क्रीम-शॅम्पू खराब होऊ नये म्हणून घालतात ते प्रिझर्वेटिव्ह), आणि दोन महिन्यांत बोटांच्या बेचक्यात अशी खाज सुटली की रात्री झोप लागेना. ते प्रकरण पुढे सांगते.

आता तुम्हाला करायचंच असेल तर लेबल वाचणं नंतर ठेवा. आधी सगळ्या बाटल्या बाहेर काढा आणि जमिनीवर तीन ढीग करा. एकात जे हवेत उडून श्वासात जातं ते, म्हणजे स्प्रे, ब्लीच, संडासाचं ॲसिड, रूम फ्रेशनर, डांबराच्या गोळ्या. दुसऱ्यात जे अंगाला लावून तसंच ठेवतो ते. तिसऱ्यात जे लावलं की लगेच धुऊन जातं ते. काळजी याच क्रमाने करायची. आपण नेमकं उलटं करतो, दोन मिनिटांत धुऊन जाणाऱ्या शॅम्पूवर तासभर वाद घालतो आणि मग दार लावून घेऊन बाथरूममध्ये ॲसिड ओततो.

तर पहिला ढीग. इथे सगळ्यात मोठा धोका कुठल्या एका बाटलीचा नाही, दोन बाटल्या एकत्र करण्याचा आहे. माझ्याच हातून झालंय: संडासात ॲसिडवालं क्लीनर टाकलं होतं, पिवळा डाग काही हलेना, म्हणून वरून ब्लीच ओतलं, म्हटलं डबल काम होईल. काही सेकंदांत नाकात सुया टोचल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी, आणि असा ठसका लागला की दाराची कडी पण धड सापडेना. तो क्लोरीन वायू होता. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्याला ॲसिड भेटलं की क्लोरीन सुटतो, आणि ॲसिड म्हणजे फक्त संडासाचं नाही, नळावरचे क्षाराचे डाग काढायचं लिक्विड आणि व्हिनेगर पण त्यातच आलं. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतात, तेही छातीला तितकेच वाईट, आणि काच पुसायच्या कित्येक लिक्विडमध्ये अमोनिया असतो. थोडक्यात ब्लीच फक्त पाण्यात मिसळायचं, बाकी कशातच नाही. आणि कधी असं झालंच तर सरळ बाहेर पडा, दार उघडं टाका, आत परत जाऊन फ्लश करायचा शहाणपणा नको. खोकला थांबत नसेल किंवा दम लागत असेल तर डॉक्टरकडे जा, कारण क्लोरीनचा त्रास काही तासांनी पण वाढू शकतो.

स्प्रेचं तसं नाटक नसतं पण रोजचं असतं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला, ६ हजारांवर माणसं आणि २० वर्षांचा काळ, त्यात घरची साफसफाई करणाऱ्या किंवा तेच काम करून पोट भरणाऱ्या बायकांची फुफ्फुसाची ताकद इतर बायकांपेक्षा जरा जास्त वेगाने कमी झालेली दिसली. दरवर्षाचा फरक अगदी थोडा, पण वीस वर्षांची बेरीज होतेच ना. त्यामुळे मी स्प्रे हवेत किंवा ओट्यावर मारत नाही, फडक्यावर मारते आणि त्याने पुसते, खिडकी उघडी. एवढ्याने बराच फरक पडतो. बऱ्याच जागी तर साबणाचं पाणी आणि जरा जोर पुरतो, ब्लीच रोज लागतच नाही.

डांबराच्या गोळ्या. त्यात नॅफ्थलीन असेल तर बाळाचे कपडे आणि पांघरुणं त्यात अजिबात ठेवू नका. जी सिक्स पी डी नावाचं एन्झाइम काही जणांना जन्मतःच कमी असतं, अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीनने फुटतात, नुसत्या त्या कपड्यांत गुंडाळल्याने पण असं झालेलं आहे. युरोपात या गोळ्या २००८ पासून विकता येत नाहीत.

दुसरा ढीग, आणि माझी खाज. पॅराबेनची भीती मुख्यतः २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून पसरली, स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासले, त्यात पॅराबेन सापडले. पण निरोगी भागाशी तुलनाच केलेली नव्हती, म्हणजे गाठ त्यांच्यामुळे झाली असं त्यातून निघत नव्हतं. युरोपने नंतर पाच पॅराबेन बंद केले, मिथाइलपॅराबेनला मात्र अजून ०.४ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. बातमी मात्र पसरायची ती पसरली. आता पाणी असलेल्या क्रीममध्ये काहीतरी प्रिझर्वेटिव्ह तर लागतंच, नाहीतर त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, मग पॅराबेनच्या जागी कित्येक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं. त्याने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवलं, आणि युरोपात २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीममधून ते बाद झालं. मी उत्साहाने आणलेल्या ओल्या वाइप्समध्ये तेच होतं. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये पण तेच. लेबल बाटलीच्या शिवणीपाशी चुरगळलेलं, अक्षरं मुंगीएवढी, शेवटी फोनने फोटो काढून मोठा केला तेव्हा खालून दुसऱ्या ओळीत सापडलं. म्हणजे ज्याने मला काहीच होत नव्हतं ते फेकून ज्याने खाज सुटते ते पैसे देऊन घरी आणलं!

म्हणून लेबल वाचायची माझी पद्धत सांगते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण १ टक्क्याच्या खालचे कसेही लिहिलेले चालतात. ती रेघ कुठे आहे ते कळायला एक खूण: फिनॉक्सीइथेनॉल शोधा, युरोपच्या नियमात ते जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं, म्हणजे त्या नियमाने बनलेल्या क्रीममध्ये त्याच्यानंतर लिहिलेलं सगळं बहुतेक चिमूटभरच. ‘गुलाबाच्या अर्काने युक्त’ वाली क्रीम घ्या आणि अर्क कुठल्या नंबरवर आहे बघा, हसू येईल. नंतर तीन गोष्टी शोधा. शेवटी थायाझोलिनोन येणारी नावं. डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५, इमिडाझोलिडिनिल युरिया, हे हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात, म्हणजे डोळ्यांना-त्वचेला झोंबणारा आणि ॲलर्जी करणारा वायू. आणि फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम, हा एक शब्द दिसतो पण आत डझनांनी घटक असू शकतात. त्वचा धडधाकट असेल तर यातलं काही दिसलं म्हणून धावत जाऊन फेकायची गरज नाही. पण एक्झिमा असेल, पापण्यांवर पुरळ येत असेल, तर आधी वासवालं बंद करून बघा. (पापण्यांवरचं पुरळ कधीकधी नेलपॉलिशचं असतं, कारण आपण दिवसभर डोळे चोळतो.) ‘नॅचरल’ म्हणजे सेफ असं काही नाही, लॅव्हेंडर तेलातलं लिनालूल नावाचं वासाचं द्रव्य हवा लागून जुनं झालं की ॲलर्जी करतं.

नवीन क्रीम आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडा-दहा दिवस लावा. लाल झालं नाही तरच चेहऱ्यावर. केसांच्या डायची टेस्ट ४८ तास आधी आणि दरवेळी, कारण त्यातल्या पीपीडी नावाच्या रंगद्रव्याची ॲलर्जी दहा वेळा काही न होता अकराव्या वेळी पण सुरू होते. आणि केस सरळ करायची ट्रीटमेंट घेताना डोळे चुरचुरले तर तो फॉर्मल्डिहाइड समजा आणि उठा खुर्चीवरून, लेबलवर त्याचं नाव कधीकधी मिथिलीन ग्लायकॉल असं असतं.

खरं सांगू, या ढिगात मी सगळ्यात जास्त घाबरते ते गोरं करायच्या क्रीमला, आणि व्हिडिओत नेमकं त्यावर कोणी बोलत नाही. काहींमध्ये पारा असतो, काहींमध्ये न सांगता घातलेलं स्टेरॉइड. पारा किडनीला लागतो, आणि टॉवेल-उशीवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पण जातो. डबीवर घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, किंवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ असं लिहिलंय, तर ती डबी वापरायची नाही. आठ दिवसांत फरक दिसतोय म्हणून खूश होऊ नका, तीच तर शंकेची जागा. मात्र महिनोनमहिने लावत असाल तर एका दिवसात बंद करण्याआधी डॉक्टरला दाखवा, स्टेरॉइड असेल तर चेहरा भडकतो.

तिसऱ्या ढिगाचं फार काही नाही. एसएलएसने, म्हणजे शॅम्पू-साबणात फेस आणणाऱ्या घटकाने, त्वचा कोरडी पडते, ज्यांना त्रास होतो त्यांनी बदला, बाकीच्यांनी सोडून द्या. ‘जंतुनाशक’ साबणाला जास्त पैसे देऊ नका, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, २०१६ मध्ये ट्रायक्लोसनसकट १९ जंतुनाशक घटक हात धुवायच्या साबणातून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते जास्त चांगले आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

घरगुती उपायांबद्दल एकच. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केला की जो फेस येतो तो बघायला छान, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा. व्हिनेगरने क्षार जातो, सोड्याने घासलं जातं.

आणि आता जे काढून टाकायचं ठरवलंय ते. सफाईच्या जोशात सगळ्या अर्धवट बाटल्या एकामागून एक बेसिनमध्ये रिकाम्या करू नका, खालच्या पाइपात ब्लीच आणि ॲसिड भेटले तरी वायू तोच सुटतो. ज्याने त्रास होत नाही ते वापरून संपवा. बाकीचं एका दिवशी एकच, लेबलवर सांगितलंय तसं, आणि दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही, पाण्याच्या बाटलीत तर नाहीच.