व्यसनमुक्तीत ‘क्वालिटी ऑफ लाईफ’ मोजणार असाल, तर आधी ‘गेले दोन आठवडे’ समजून घ्या

एमएसडब्ल्यू, सायकॉलॉजी, नर्सिंग, कम्युनिटी मेडिसिन, शाखा कुठलीही असो. प्रबंधाचा विषय व्यसनमुक्ती म्हटला की बरेच जण ‘डब्ल्यूएचओ-क्वॉल ब्रेफ’ ही जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी प्रश्नावली हाती घेतात. निवड चुकीची नाही. 26 प्रश्न आहेत. पहिले दोन सर्वसाधारण आणि बाकीचे शारीरिक, मानसिक, सामाजिक, परिसर या चार विभागांत. सिनॉप्सिसमध्ये हे दोन ओळींत बसतं. वॉर्डात बसून विचारायला लागलं की एकेक प्रश्न हातातून निसटायला लागतो.

तरीही विषय सोडू नका. माणूस दारू प्यायचा थांबला की आपल्याकडे त्याला ‘बरा झाला’ म्हणून टाकतात. पण कामावरून काढलंय, मुलगा घरात असून बोलत नाही, झोप लागत नाही, डोक्यावर उधारी आहे, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही. ते दिसावं म्हणून तर हे मोजायचं.

आता माझे सगळ्यात जास्त दिवस जिथे गेले, ती गोष्ट. हे साधन ‘गेल्या दोन आठवड्यांबद्दल’ विचारतं. वाचताना यात काही खटकत नाही. पण समजा, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गोणी उचलणारा माणूस काल ठाण्याच्या व्यसनमुक्ती वॉर्डात भरती झाला आणि तुम्ही आज फॉर्म घेऊन त्याच्या कॉटशेजारी बसलात. दारू थांबल्यावर सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याची भीती पहिले दोन दिवस असते आणि भ्रमाची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. त्यातच त्याला लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे हा त्रास शमवणारी, झोप आणणारी गोळी चालू असते. ‘झोपेबद्दल किती समाधानी आहात?’ म्हटल्यावर तो सांगतो ती रात्रीच्या गोळीची झोप. ‘दुखण्यामुळे कामात किती अडथळा येतो?’ म्हटल्यावर सांगतो ते आजचं अंगदुखीचं. दोन आठवड्यांपूर्वीचं आयुष्य कुठेच आलेलं नसतं. पेशंट गोंधळलेला असेल तर त्या दिवशी घेतलेली संमतीही ग्राह्य धरता येत नाही. एथिक्स कमिटी हे विचारते आणि विचारायलाच हवं.

दुसरं टोक याहून फसवं. तीस दिवसांचा प्रोग्रॅम असेल तर डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा फॉर्म भरून घेण्याचा मोह होतो, कारण पेशंट समोर असतो. पण त्या दिवशीचे ‘गेले दोन आठवडे’ म्हणजे पूर्ण वॉर्ड. तिथे दारू नाही, वेळेवर जेवण आहे, भांडण नाही, पैसे मागायला कोणी येत नाही. परिसराच्या आठ प्रश्नांत पैसे पुरतात का, राहती जागा कशी आहे, प्रवासाची सोय कशी आहे असं विचारलेलं असतं. महिनाभर गेटबाहेर न पडलेल्या माणसाने प्रवासाबद्दल काय सांगायचं? एक जण घराबद्दल बोलतो, दुसरा वॉर्डाबद्दल, आणि आपण दोघांचे आकडे एकाच रकान्यात भरतो. मग तक्त्यात ‘लक्षणीय सुधारणा’ दिसते. त्यातली उपचाराची किती, वॉर्डाच्या शिस्तीची किती आणि पहिल्या दिवसाचा आकडा मुळातच खाली असल्याची किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय माणूस भरती होतो तोच मुळी सगळ्यात वाईट काळात. त्यानंतर काही न करताही आकडे थोडे वर येणारच.

मग करायचं काय? पहिलं मोजमाप विड्रॉवल, म्हणजे नशा थांबवल्यावर होणारा त्रास, ओसरल्यावर घ्या. दारूसाठी सिवा-एआर या विड्रॉवलची तीव्रता मोजणाऱ्या स्केलवर स्कोअर 8 च्या खाली आलेला असावा, तारीख-वार-जागा विचारल्यावर नीट सांगता यावी, गोळ्या कमी होत आलेल्या असाव्यात. साधारण आठवडा जातो. ब्राऊन शुगरवाल्यांमध्ये शरीराचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो, पण झोप पुढे कित्येक दिवस बिघडलेली राहते, म्हणून त्यांचे आकडे वेगळे ठेवा. भरतीचा कितवा दिवस होता, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. एकाचा तिसरा आणि दुसऱ्याचा बारावा दिवस असेल तर ती तुलनाच नव्हे. दुसरं मोजमाप माणूस घरी जाऊन किमान दोन आठवडे उलटल्यावरच. प्रश्नाचे शब्द मात्र मनाने बदलायचे नाहीत. ‘भरतीच्या आधीचे दोन आठवडे’ असं विचारायचंच असेल तर गाईडशी बोलून, आधी ठरवून, प्रबंधात तसं स्पष्ट लिहून विचारा. आणि ऑडिट हे दहा प्रश्नांचं साधन मुख्यतः गेल्या वर्षभराच्या पिण्याबद्दल बोलतं, हे विसरू नका. त्याचा आकडा क्वॉलच्या दोन आठवड्यांशी जोडताना दोन्हींचा काळ वेगळा आहे, हे चर्चेच्या प्रकरणात यायला हवं.

एवढं वाचून घाबरू नका. हे सगळं पहिल्या फॉर्मच्या आधी ठरवलं तर एका दुपारचं काम आहे. डेटा गोळा झाल्यावर मात्र दुरुस्त होत नाही.

आकडेमोडीत फार काही नाही. 3, 4 आणि 26 हे प्रश्न उलटे, म्हणजे 6 मधून उत्तर वजा करायचं. विभागाच्या सरासरीला 4 ने गुणायचं. 0 ते 100 मध्ये हवं असेल तर त्यातून 4 वजा करून 100 ने गुणा आणि 16 ने भागा. सामाजिक विभागात तीनच प्रश्न आहेत, तिथे सांभाळा. उत्तरं 2, 2, 3 आली तर 33.3 येतात. मधला, म्हणजे लैंगिक समाधानाचा 21 वा प्रश्न लाजून सोडला तर तोच माणूस 37.5 वर जातो. तो प्रश्न बहुतेक वेळा पेशंट नाही, आपणच गाळतो. आवाज न बदलता, आधीच्या प्रश्नासारखाच विचारा. तोंडाने सांगणं जड जात असेल तर कागद त्याच्या हातात द्या. दारूमुळे याही बाबतीत त्रास होतो आणि कोणीतरी विचारावं अशी कित्येकांची इच्छा असते.

चौथा प्रश्नही जपून. रोजचं काम करण्यासाठी औषधोपचाराची किती गरज लागते, असा तो आहे. एका काकांनी सरळ सांगितलं, “सकाळी क्वार्टर घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नव्हता, मग तेच औषध ना मॅडम?” तिथे वाद घालायचा नाही. प्रश्न तसाच पुन्हा वाचायचा, येईल ते उत्तर घ्यायचं आणि त्यांचं बोलणं समासात लिहून ठेवायचं.

गुगल फॉर्म पाठवून काम उरकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पर्यायांचे शब्द मध्येच बदलतात, कुठे ‘अजिबात नाही’, कुठे ‘खूप असमाधानी’, शेवटी ‘कधीच नाही’. दर वेळी मोठ्याने वाचून दाखवावे लागतात. बायको किंवा भाऊ शेजारी असेल तर त्यांना चहाला पाठवा, नाहीतर नात्यांबद्दलची सगळी उत्तरं गोड येतील. आणि गाईड कितीही मोठे असले तरी पेशंट आज बोलण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे वॉर्डच्या सिस्टरना जास्त कळतं. सॅम्पल वाढवा म्हणून मागे लागणाऱ्या गाईडपेक्षा “आज नको, परवा ये” म्हणणारी सिस्टर तुमचा प्रबंध वाचवते.

फॉलो-अपची तयारी भरतीच्या वेळीच करा. तीन महिन्यांनी जे येतात ते बरेचसे सावरलेले असतात. जे पुन्हा प्यायला लागले, ते येत नाहीत आणि फोनही उचलत नाहीत. नुसत्या आलेल्यांची सरासरी काढली तर उपचार आहे त्याहून चांगला दिसतो. म्हणून दोन नंबर घ्या, एक त्याचा आणि एक त्याने स्वतः निवडलेल्या माणसाचा, तोही त्याच्या परवानगीने. महापे-रबाळेच्या एमआयडीसीतला असेल तर शिफ्ट विचारून ठेवा. पलीकडे कोण आहे याची खात्री होईपर्यंत वॉर्ड, दारू, व्यसनमुक्ती यातला एकही शब्द काढू नका. फोन सुपरवायझरने उचलला तर त्याची नोकरी जाऊ शकते. आणि पहिल्याच भेटीत त्याला सांगून ठेवा, “दादा, पुन्हा प्यायला लागलात तरी माझा फोन घ्या. मी ओरडणार नाही. तुमची उत्तरंही मला तेवढीच हवी आहेत.”