नाताळासाठी सिएनाची बदाम कुकी : रिच्चारेल्ली घरी कशी करावी

रिच्चारेल्ली कुरकुरीत नसते, हे आधी लक्षात घ्या. नानकटाईची सवय असलेल्या हाताला ती कच्ची राहिलीय असंच वाटतं आणि भट्टीत आणखी पाच मिनिटं ठेवायचा मोह होतो. तो मोह आवरला तरच ही कुकी जमते. वर पिठीसाखरेचं पातळ, तडकलेलं कवच आणि आत ओलसर, मऊ बदाम. जीभ कवचाला लागताच ते मोडावं, इतकं नाजूक.

ही कुकी इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या सिएना शहराची. मध्ययुगात साखर आणि मसाले औषधांच्या दुकानात मिळत, त्यामुळे तिथली अशी गोडं अत्तार-वैद्यांच्या हातची. नाताळात सिएनाच्या घरांत सुक्या मेव्याचं पांफोर्ते आणि ही पांढरी, शंकरपाळ्यासारखी चौकोनी बदाम कुकी असायलाच हवी. रिच्चार्देत्तो नावाचा एक सरदार धर्मयुद्धाहून परतताना ती घेऊन आला, असं तिथले लोक सांगतात. ती दंतकथा आहे, पण नाव तिच्यावरूनच पडलं असं मानतात. 2010 साली युरोपीय संघाने ‘रिच्चारेल्ली दि सिएना’ला भौगोलिक मानांकन दिलं.

अंदाजे 20 कुकींसाठी 250 ग्रॅम बदाम, 200 ग्रॅम पिठीसाखर, दोन अंड्यांचा पांढरा बलक (साधारण 60 ग्रॅम), एका संत्र्याची किसलेली साल, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला आणि बदाम इसेन्सचे चार-पाच थेंब घ्या. घोळवायला आणखी 100 ग्रॅम पिठीसाखर वेगळी ठेवा. मूळ कृतीत थोडे कडू बदामही घालतात. आपण ते घालू नयेत, कारण कच्च्या कडू बदामातून सायनाइड तयार होतं. इसेन्सने तो वास नीट येतो.

बदाम उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवून लगेच गार पाण्यात टाका. चिमटीत दाबला की बदाम सालीतून सुटून येतो. पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका : सोललेले बदाम कापडावर पसरून कोरडे करा आणि 100 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. रंग बदलता कामा नये. मग पूर्ण गार होऊ द्या. माझी पहिली खेप इथेच बिघडली होती. बदाम कोमट असतानाच मिक्सरला लावले, तेल सुटलं, पिठाऐवजी लोणी हाती आलं. तेव्हापासून मी पिठीसाखरेतले दोन-तीन चमचे बदामांबरोबरच घालते आणि मिक्सर थांबवत-थांबवत फिरवते. साखर सुटणारं तेल शोषते. पीठ रव्याइतकं बारीक हवं, त्याहून बारीक करायची गरज नाही.

बदामाचं पीठ, उरलेली साखर, मीठ आणि संत्र्याची साल एकत्र करा. साल किसताना खालचा पांढरा भाग घेऊ नका, तो कडू असतो. अंड्याचा पांढरा बलक काट्याने फेस येईपर्यंतच फेटा, ताठ करू नका. तो थोडा-थोडा घालत गोळा मळा. गोळा चिकट पण आकार धरणारा हवा. सैल वाटला तर चमचाभर बदामाचं पीठ आणखी घाला. इसेन्स शेवटी घाला. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बदाम ओलावा ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गोळा हाताळायला सोपा जातो.

दुसऱ्या दिवशी पाटावर भरपूर पिठीसाखर पसरा. गोळ्याची दोन बोटं जाड वळी करून पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे तुकडे पाडा, प्रत्येकाला शंकरपाळ्यासारखा लांबट आकार देऊन हलकेच चपटा करा. सगळीकडून साखरेत घोळवा. सिएनात याच्या तळाला ओस्ती, म्हणजे कागदासारखी पातळ खाण्याची पापडी लावतात. आपल्याला बटर पेपर पुरतो. ट्रेमध्ये मांडून तासभर उघड्यावर ठेवा. वरची साखर वाळते, आतला गोळा ओलाच असतो, म्हणून भट्टीत आत फुगला की कवच तडकतं. वरच्या भेगा याच वाळवण्यातून येतात.

ओव्हन 150 अंशांवर तापवा, ओटीजीत मधल्या खणात ठेवा. 15 मिनिटांनी पहिल्यांदा पाहा, जास्तीत जास्त 18. कडा जेमतेम घट्ट, पृष्ठभाग पांढराच, बोटाने दाबल्यावर मऊ असेल तर बाहेर काढा. तपकिरी छटा दिसली तर उशीर झाला समजा. गरम असताना ट्रेवरून उचलू नका, मोडतात. गार झाल्यावर बसतात.

हवाबंद डब्यात दहा दिवस छान राहतात. डिसेंबरच्या कोरड्या हवेत उघड्या ठेवू नका, एका रात्रीत टणक होतात. गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, काजू-साखरेचं मार्झिपान असतं, तेही याच घराण्यातलं. दोन्ही एका ताटलीत ठेवून पाहा : काजूची गोडी जड, बदामाची हलकी आणि संत्र्याचा वास मागे रेंगाळणारा. सिएनात या कुकीबरोबर वीन सांतो ही गोड वाइन घेतात. आमच्याकडे ही कुकी साखर न घातलेल्या काळ्या चहाबरोबर खातात.