लाईट बिल फुगलं, गाडीचं ॲव्हरेज घसरलं? या चुका टाळा

संडासातला ९ वॉटचा बल्ब चालू राहिला की आमच्या घरी अजूनही आरडाओरडा होतो. गिझर मात्र पहाटे साडेपाचला लागतो तो सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत बंद होत नाही, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आता हिशेब बघा. तो बल्ब रोज १० तास, असा आठवडाभर जळला तरी ०.६३ युनिट होतं. १५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर एकदाच न्यायला ०.७ युनिट लागतं. बिलावरून भांडायचंच असेल तर गिझरवरून भांडावं.

गिझरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवणं ही त्यातली पहिली चूक. आंघोळीला उष्णता लागते तेवढीच लागते, पण टाकी जितकी जास्त तापवाल तितकं उरलेलं पाणी दिवसभरात फुकट निवतं. ५५ अंशांच्या आसपास पुरे. २ किलोवॉटच्या गिझरला एका टाकीसाठी वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा आंघोळीच्या तेवढाच वेळ आधी लावा. पुण्यात वाघोली, उंड्री, पिसोळीकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर कॉइलवर क्षार धरतात. गिझर खदखद आवाज करायला लागला, पाणी तापायला वेळ लावू लागला, की कॉइल काढून साफ करून घ्या. नाहीतर ती आतल्या आत तापून जळते.

“घर बंद होतं, तरी एवढं बिल कसं?” ही तक्रार सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास निघते. महावितरणच्या ऑफिसात खेटे घालण्याआधी एक चाचणी घरीच करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. बऱ्याच मीटरांवर तो ३२०० असतो. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचंसुद्धा, पण मेन चालू ठेवा. दिवा तरीही लुकलुकत असेल तर मिनिटभर मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला एकदा म्हणजे साधारण १९ वॉट. मग एकेक एमसीबी (बोर्डावरचा त्या-त्या लाइनचा स्विच) पाडत जा. ज्या एमसीबीला दिवा थांबेल, चोर त्या लाइनवर. मेन पाडूनही दिवा थांबला नाही, तर मीटर आणि तुमचा बोर्ड यांच्यामध्ये गडबड आहे. तिथे स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

पुष्कळदा चोर म्हणजे भिंतीवरचं बटण चालूच ठेवून नुसता रिमोटने ‘बंद’ केलेला सेट टॉप बॉक्स निघतो. तो १० वॉट खात असेल तर महिन्याला ७ युनिट. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, आणि टप्प्याच्या वरची युनिटंच महाग पडतात. म्हणून काठावर असलेल्या घरात ही ७ युनिटंसुद्धा जाणवतात.

फ्रिजच्या दारात नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय. फ्रिज भिंतीला चिकटवू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते तेव्हा मागची धूळही झटकून घ्यावी, आयतं काम होतं.

खरेदीची चूक जास्त महागात पडते, कारण ती दहा वर्षं भरावी लागते. लोक फ्रिज-एसीच्या वीजबचतीच्या लेबलावरचे तारे मोजतात, त्यावरचं वर्ष वाचत नाहीत. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलावरचे ५ तारे आजचे ५ असतीलच असं नाही. ताऱ्यांखाली वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो, तुलना त्याची करा. पंख्याचंही तसंच. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा साधारण ३० वॉट. आणि एसी १८ वर ठेवला म्हणून खोली दुप्पट वेगाने गार होत नाही. २४ वर ठेवून पंखा लावा, पुण्याच्या रात्रीला तेवढं भरपूर झालं.

आता गाडी. ॲव्हरेज डिस्प्लेवर बघून हळहळू नका. टाकी फुल करा, फिरा, परत फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. स्कूटरवाल्यांची खास पुणेरी चूक म्हणजे लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत ब्रेकवर दोन बोटं कायम दाबलेली आणि अॅक्सिलरेटरही पिळलेला. कारवाल्यांची चूक चढावर हाफ क्लच. हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना, दरवाज्याच्या आतल्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा. सिग्नलचा आकडा ९० दाखवत असेल तर इंजिन बंद करायला लाजू नका.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे मात्र दोन्हीकडून फसतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन तुटतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय इंजिनचा ब्रेक हातचा जातो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी उगाच कुप्रसिद्ध झालेला नाही.

एवढं करूनही ॲव्हरेज येत नसेल तर फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हाताचा पंजा नेऊन बघा, लगेच टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच गरम लागत असेल तर तिथला ब्रेक धरलेला आहे. मेकॅनिककडे गेल्यावर “ॲव्हरेज देत नाही” एवढंच सांगू नका, कुठलं चाक तेही सांगा.