रानफुलावर चार ओळी कशा लिहाव्यात

श्रावण लागला की रानफुलांवरच्या कवितांना बहर येतो. त्यांत रंग असतात, वारा असतो, ‘सृष्टीचा साज’ असतो, पण फूल सोनकीचं की तेरड्याचं याचा वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. छोट्या कवितेत फूल किती सुंदर आहे हे सांगायला जागाच नसते. ते झाड काय करतं, कधी करतं, त्याच्या आसपास काय घडतं यातली एक गोष्ट नेमकी पकडली, तर चार ओळी पुरतात. ती गोष्ट कशी शोधायची आणि कागदावर कशी आणायची, ते पाहू.

फूल एकच घ्या, आणि जवळचं घ्या

कासचं पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे जे फुलतं, ते प्रत्येकाने एकदा तरी पाहावं. पण पहिली कविता लिहायला तिथे जाऊ नका. एका नजरेत इतक्या जाती दिसतात की वहीत नुसत्या याद्या उतरतात. शिवाय परतीच्या गाडीची वेळ डोक्यात असते.

त्यापेक्षा बांधावरचा केना घ्या, कुर्डू घ्या, टाकळा घ्या. शहरात असाल तर दगडी पाला आहे. त्यालाच एकदांडी म्हणतात. खरचटलं की ज्याचा पाला चोळून लावायचा, तोच हा. इमारतीच्या आवारात फरशीच्या फटीतून लांब दांडीवर एकच फूल वर आलेलं असतं. कवितेसाठी असं फूल हवं, जे उद्या सकाळी पुन्हा पाहता येईल.

नाव विचारून घ्या

‘एक रानफूल’ असं लिहिलं की कविता तिथेच विरते. गुराख्याला विचारा, रानभाज्या विकायला बसणाऱ्या मावशींना विचारा. एकाच झाडाला दर तालुक्यात वेगळं नाव असू शकतं. तुमच्या भागात जे बोललं जातं तेच वापरा. नाव आलं की वाचकाच्या मनातलं बरंच काही त्याच्याबरोबर येतं. तेरडा म्हटलं की त्याचा तीन दिवसांचा रंग मराठी माणसाला आपोआप आठवतो, त्यावर ओळ खर्च करावी लागत नाही.

मात्र सीतेची आसवं या फुलावर लिहिताना पुन्हा अश्रूंची उपमा देऊ नका, ती नावातच येऊन गेली आहे. त्या नाजूक जांभळ्या फुलांचं झाड कीटकभक्षी आहे. ओल्या, पातळ मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. लिहिण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे.

खाली बसा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि त्यांची कविता फसते ती इथेच. उभ्याने रानफूल दिसत नाही, रंगाचा ठिपका दिसतो. उकिडवे बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि दहा मिनिटं तिथून हलू नका. बसण्यापूर्वी पायाखाली काय आहे ते मात्र पाहा. पठारावर मातीचा थर इतका पातळ असतो की एक पाऊलही तिथल्या रोपांना महागात पडतं. आणि फूल तोडून घरी नेऊ नका. तोडलेलं फूल काही करत नाही, नुसतं सुकतं.

बसल्यावर वेळेकडे लक्ष द्या. केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपार होईतो मिटून जातं. टाकळ्याची पानं सांजेला जोडीजोडीने मिटतात. कळलावीच्या पानाचं टोक पुढे वाढत जातं आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतं. तिचं फूल हिरवट पिवळं उमलतं आणि दिवसांगणिक लाल होत जातं. (कळलावी सगळीच विषारी, कंद तर फारच. मुलं बरोबर असतील तर जपा.)

दवबिंदू या छोट्या झाडाजवळ तर मुद्दाम उशिरा, ऊन चढल्यावर जा. गवतावरचं दव केव्हाच उडालेलं असतं, पण याच्या पानांवरचे थेंब तसेच चमकत असतात. वाकून पाहिलं की एखाद्या थेंबाला चिलट चिकटलेलं दिसतं. तो चिकट स्राव आहे, कीटक धरायचा. हे न पाहता लिहिणारा ‘पहाटेचं दव’ लिहून मोकळा होतो आणि कविता खोटी पडते.

आधी साधं गद्य लिहा

तिथे बसल्या बसल्या ओळी जुळवू नका. जे दिसलं ते दोन-तीन सरळ वाक्यांत लिहा. उपमा नको, विशेषणं नकोत. आता एका कवितेचा प्रवास सविस्तर पाहू. तेरड्यावर सहज सुचते ती ओळ अशी असते:

*सुंदर तेरडा डोंगरी फुलला,*
*पाहून तयाला जीव हा भुलला*

यमक जुळलं, चालही लागली. पण तेरडा काढून तिथे दुसरं कुठलंही तीन अक्षरी फूल बसवलं तरी ओळ बिघडत नाही. म्हणजे तेरडा त्यात नव्हताच. त्याऐवजी वहीत अशी नोंद असेल तर?

‘गौरी-विसर्जनाचा दिवस. वाटेच्या कडेला तेरडा, खालची बोंडं पिकलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे घासले की बोंड फट्‌कन फुटतं आणि बिया उडतात.’

कोकणात कितीतरी घरांत गौर तेरड्याचीच असते. एकीकडे तेरड्याची गौर पाण्याकडे निघाली आहे, आणि त्याच वाटेवर तेरडा बी टाकतो आहे. हे दोन्ही शेजारी ठेवलं की झालं:

*गौर निघाली*
*वाटेवर तेरडा*
*बिया उधळी*

‘फट्‌कन’ सोडावं लागलं, कपड्यांचा स्पर्श गेला. नोंदीतलं सगळं कवितेत मावत नाही आणि मावू नये. काय ठेवायचं हे ठरवायला एक कसोटी पुरते: कुठले दोन तपशील एकमेकांशी बोलतात? ते ठेवा, बाकीचे वहीत राहू द्या.

कवितेचा घाट निवडा

वरची कविता हायकू आहे. मूळ जपानी, तीन ओळींची, ५-७-५ अशा मापाची. मराठीत हायकू रुजवला तो कवयित्री शिरीष पै यांनी. आपल्याकडे अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. मापाबाबत मराठीत सगळेच काटेकोर नसतात, पण नवख्याने काही दिवस माप पाळावं असं माझं ठाम मत आहे. एक अक्षर जास्त झालं की नको असलेला शब्द आपोआप उघडा पडतो. आणखी एक पाहा:

*केना खुडला*
*आईच्या पदरात*
*निळी पाकळी*

केन्याची भाजी करतात हे ज्याला माहीत आहे, त्याला यात सकाळ दिसते, बांध दिसतो. आठवणीची भाषा कुठेच वापरलेली नाही.

काही फुलांना तीन ओळी पुरत नाहीत. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. अख्खी डोंगरउतरण एकदम फुलते, बी धरते आणि झाडं मरून जातात. तिच्या वाळक्या काठ्यांनी डोंगरातल्या घरांचे कूड उभे राहिले. एवढा पल्ला हायकूत बसवण्याचा हट्ट कशाला? आपला अभंग आहे. तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारचा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक:

*सात वर्षे मुकी, उभी ही कारवी,*
*एकदाच दावी निळा रंग.*

*वाळली, तोडली, कुडाला बांधली,*
*शेणाने लिंपली, घर झाली.*

दुसऱ्या कडव्यात जवळजवळ सगळी क्रियापदंच आहेत. कारवीचा त्याग, तिची महती असं काही लिहायची गरज पडली नाही. रानफुलांच्या कवितेत क्रियापदांवर भरवसा ठेवा, ती फार काम करतात.

छाटणी

सुंदर, मनमोहक, इवलंसं, निसर्गाची किमया, रंगांची उधळण, जणू. हे शब्द दिसले की काढा आणि त्यांच्याविना ओळ उभी राहते का पाहा. उद्गारचिन्हंही काढा. शेवटच्या ओळीत माणसाला शिकवण द्यायचा मोह होतो. ती ओळ खोडली तर बहुतेक वेळा कविता सुधारते.

मग मोठ्याने वाचा. शक्य असेल तर ते झाड ओळखणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. ‘असं नसतं हो, ते दुपारी मिटतं’ असं कोणी म्हणालं तर कविता दुरुस्त करा, वाद घालू नका.

महिना आणि जागा

प्रत्येक कवितेखाली महिना आणि ठिकाण लिहा. दहा-बारा कविता झाल्या की त्या महिन्यांच्या क्रमाने लावा. बहुतेकांच्या वहीत श्रावण-भाद्रपद गच्च भरलेले असतात आणि वैशाख कोरा. तेव्हा रस्त्याकडेला, धुळीत, रुई फुललेली असते. शनिवारी मारुतीच्या माळेपुरती तिची आठवण होते, एरवी कोणी थांबत नाही. टोपी घाला, पाण्याची बाटली घ्या आणि पुढची कविता तिच्यावर लिहा.