१,४२,८५७ ची कुंडली कशी मांडावी

मोठी संख्या समोर आली की मी आधी अंकांची बेरीज करते. इथे १+४+२+८+५+७ = २७. म्हणजे ९ ने भाग जाणारच. पण थेट २७ ने भागून बघा. ५,२९१ येतात, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं.

५,२९१ ला ११ ने भागा, ४८१ मिळतात. ते १३ × ३७. मूळ अवयव झाले: ३³ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२. संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज १,१२,५०३, म्हणजे संख्येपेक्षा कमी.

आता माझा लाडका भाग. कॅल्क्युलेटर नको, वर्ग हातानेच करा: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा, २०४०८ + १२२४४९. उत्तर पुन्हा १४२८५७! वर्गाचे असे तुकडे मिळवून पुन्हा मूळ संख्या आली की ती कापरेकर संख्या. वहीत हे उतरतं तेव्हा मुलांचे चेहरे बघावेत.

मग २ ने, ३ ने गुणा: २८५७१४, ४२८५७१. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात सरकते. ६ पर्यंत असंच चालतं. ७ ने गुणलं की ९९९९९९, कारण १/७ च्या दशांशात हेच सहा अंक आवर्ती येतात.